छापण्याआधी कुणाला दाखवावं? देकार्तच्या हस्तलिखितावरून काही विचार



मागच्या व्याख्यानात आपण संशय आणि खात्री यांविषयी बोललो होतो. व्याख्यान संपल्यावर नेहमीप्रमाणे चार-पाच जण रेंगाळले. त्यातल्या एका बाईंनी पिशवीतून जाडजूड वही काढली. शाळेत ३४ वर्षं शिकवलं, त्याच्या आठवणी लिहिल्या आहेत म्हणाल्या. "सर, छापायचं चाललंय. त्याआधी कुणाला दाखवावं का? आणि दाखवलं, तर ते म्हणतील ते सगळं ऐकायचं का?"

आम्ही तिथल्या तिथे काहीतरी उत्तर दिलं. घरी गेल्यावर वाटलं, की हे उत्तर अपुरं होतं. प्रश्न साधा दिसतो, पण त्याच्या पोटात ज्ञानाचाच एक जुना प्रश्न आहे. माझं म्हणणं बरोबर आहे की नाही, हे माझं मला एकट्याला कळू शकतं का? म्हणून आजचं व्याख्यान या प्रश्नाला द्यायचं ठरवलं. ज्यांना काही छापायचं नाही त्यांनीही बसावं. पत्र, अर्ज, भाषण, प्रबंध, काहीतरी तर आपण सगळेच लिहितो.

सुरुवात आपल्या घरापासून करू. भारतीय शास्त्रग्रंथ उघडला की एक पद्धत लगेच लक्षात येते. ग्रंथकार आपलं मत एकदम मांडत नाही. आधी विरुद्ध पक्षाचं म्हणणं मांडतो, तो पूर्वपक्ष. मग त्याचं खंडन करतो आणि आपला सिद्धान्त सांगतो. शंकराचार्यांचं ब्रह्मसूत्रभाष्य घ्या, पानोपानी हेच चाललेलं दिसेल. नागार्जुनाची 'विग्रहव्यावर्तनी' तर या दृष्टीनं फारच देखणी आहे. तिच्या पहिल्या २० कारिकांमध्ये नागार्जुनावरचे आक्षेप आहेत आणि पुढच्या ५० कारिकांमध्ये त्यांची उत्तरं. म्हणजे ग्रंथाचा जवळजवळ तिसरा हिस्सा विरोधकाला दिलेला.

ही परंपरा मोठी आहे, तिचा अभिमान जरूर बाळगावा. पण तिच्यात एक गोम आहे. ग्रंथातला पूर्वपक्ष शेवटी ग्रंथकारच लिहितो. विरोधकाच्या तोंडी कोणते शब्द घालायचे, कुठला आक्षेप घ्यायचा, कुठला वगळायचा, हे सगळं त्याच्याच हातात असतं. चांगला ग्रंथकार प्रामाणिकपणे लिहितो, हे मान्य. पण जो आक्षेप आपल्याला सुचलेलाच नाही, तो आपण कसा लिहिणार? आपल्या डोळ्याला जे दिसत नाही, ते दिसत नाही हेही दिसत नाही. त्यासाठी दुसरा डोळा लागतो.

आता जरा लांब जाऊ, सतराव्या शतकातल्या युरोपात. रने देकार्त हा फ्रेंच तत्त्वज्ञ आपल्याला मागच्या व्याख्यानातून माहीत आहे. सगळ्या गोष्टींवर संशय घेऊन पाहायचा आणि ज्यावर संशय घेताच येत नाही तिथून ज्ञानाची इमारत बांधायची, असा त्याचा खटाटोप. हा माणूस तेव्हा हॉलंडमध्ये राहत होता. त्याचा 'मेडिटेशन्स' हा ग्रंथ लॅटिनमध्ये लिहून तयार झाला तेव्हा त्यानं तो थेट छापखान्यात पाठवला नाही. आधी त्यानं तो एका कॅथलिक धर्मगुरूला वाचायला दिला. कातेरुस त्याचं नाव, आल्कमार गावचा. त्यानं आक्षेप लिहून दिले, देकार्तनं त्यांना उत्तरं लिहिली. मग १६४० च्या नोव्हेंबरात मूळ ग्रंथ, आक्षेप आणि उत्तरं असं सगळं बाड पॅरिसला मारँ मेर्सेनकडे गेलं.

हा मेर्सेन कोण? एका मठातला साधू. गणिताचा, संगीतशास्त्राचा जाणकार. पण त्याची खरी करामत म्हणजे पत्रव्यवहार. युरोपभरच्या विद्वानांशी त्याचा पत्रांतून संबंध. एकाचं म्हणणं दुसऱ्याला कळवायचं, दुसऱ्याचा प्रश्न तिसऱ्याला पाठवायचा, हे त्याचं जन्मभराचं काम. तेव्हा विद्वानांची नियतकालिकं निघालेली नव्हती, मेर्सेनच एक चालतंबोलतं नियतकालिक होता म्हणा ना! देकार्तनं त्याला कळवलं, की हे जाणकारांना दाखव, जितके कडक आक्षेप येतील तितके बरे. आणि ते आक्षेप माझ्या उत्तरांसह ग्रंथाच्या शेवटी छापायचे.

हे शेवटचं लक्षात घ्या. आपण अभिप्राय छापतो ते मलपृष्ठावर, स्तुतीचे. देकार्तनं टीका छापली, तीही पुस्तकाच्या आत. १६४१ साली पॅरिसला ग्रंथ निघाला तेव्हा त्यात आक्षेपांचे सहा संच होते. पुढच्या वर्षी अॅम्स्टरडॅमला दुसरी आवृत्ती निघाली, तिच्यात सातवा आला. मूळ ग्रंथ छोटासा आहे, आक्षेप आणि उत्तरं मिळून त्याच्या कितीतरी पट.

आता या वाचकांकडे जरा नीट पाहू. आपलं हस्तलिखित आपण ज्यांना दाखवतो ते लोकही साधारण याच जातीचे असतात.

एक वाचक होता आंत्वान आर्नो. वय तिशीच्या आत, धर्मशास्त्राचा अभ्यासक. देकार्त तेव्हा पंचेचाळिशीला आलेला, नावाजलेला. या तरुणानं काय विचारलं पाहा. देकार्तचं म्हणणं थोडक्यात असं, की जे मला अगदी स्पष्ट आणि नेमकं कळतं ते खरं असतं, कारण ईश्वर आहे आणि तो फसवणारा नाही. बरं, ईश्वर आहे हे कशावरून? तर तेही मला स्पष्ट आणि नेमकं कळतं म्हणून! आर्नो म्हणाला, हे तर गोल गोल फिरणं झालं. आपल्या न्यायशास्त्रात याला अन्योन्याश्रय दोष म्हणतात. तराजू चोख आहे कशावरून? दुकानदार सांगतो म्हणून. दुकानदार सचोटीचा कशावरून? त्याचा तराजू चोख आहे म्हणून.

देकार्तला राग आला का? नाही. आर्नोचे आक्षेप सगळ्यांत चांगले आहेत, असं त्यानं मेर्सेनला लिहिलं. जे आत्ता समोर स्पष्ट दिसतं ते आणि पूर्वी स्पष्ट दिसलं होतं असं नुसतं आठवतं ते, यांत फरक करून त्यानं उत्तर दिलं. ते पुरेसं आहे का, यावर अभ्यासक आजही वाद घालतात. आणखी एक गोष्ट त्यानं केली. आर्नोच्या काही सूचनांवरून मूळ मजकुरात थोडे बदल केले. उदाहरणार्थ, ग्रंथाच्या एका भागात माणूस चुकतो कसा याची चर्चा आहे. तिथे चूक म्हणजे खऱ्याखोट्याच्या निवाड्यातली चूक, पाप नव्हे, असा खुलासा सारांशात घातला. आणि असे बदल कंसात छापावेत, म्हणजे आपण आर्नोच्या मताला मान दिला हे वाचकाला कळेल, असं मेर्सेनला कळवलं. आपल्याकडे किती लेखक हे करतील?

दुसरं उदाहरण शीर्षकाचं. १६४१ च्या आवृत्तीच्या शीर्षकपृष्ठावर असं होतं, की या ग्रंथात ईश्वराचं अस्तित्व आणि आत्म्याचं अमरत्व सिद्ध केलं आहे. पण मेर्सेननं गोळा केलेल्या आक्षेपांमध्ये एक अगदी साधी तक्रार होती, की आत्म्याच्या अमरत्वाबद्दल तुम्ही तर काहीच लिहिलेलं नाही! आणि ते खरं होतं. मन आणि शरीर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढंच देकार्तनं दाखवलं होतं. वेगळं असणं आणि अमर असणं यांत पुष्कळ अंतर आहे. दुसऱ्या आवृत्तीत शीर्षक बदललं. अमरत्व गेलं आणि आत्मा शरीराहून भिन्न आहे, एवढंच राहिलं. तक्रार छपाईच्या आधी आलेली, दुरुस्ती मात्र छपाईनंतर. पाटीवर लिहिलेलं दुकानात आहे का, हे पाहायला बाहेरचं गिऱ्हाईक लागतं ते असं.

इथवर देकार्त आपल्याला आदर्श वाटतो. पण गोष्ट इथे संपत नाही, आणि आम्हाला जे सांगायचं आहे ते इथून पुढे आहे.

वाचकांमध्ये एक टॉमस हॉब्ज होता. इंग्लंडातल्या राजकीय धामधुमीमुळे नुकताच पॅरिसला आलेला. जगात जे काही आहे ते जड द्रव्यच, असं त्याचं मत. त्यानं १६ आक्षेप घेतले. देकार्तची उत्तरं आखूड आणि कोरडी आहेत. दोघं जणू वेगवेगळ्या खोल्यांत बसून बोलत आहेत. मग होता पिएर गासेंदी. हाही मोठा विद्वान, पण याचं आणि देकार्तचं सूत जुळेना. गासेंदीनं लांबलचक आक्षेप लिहिले आणि देकार्तला मनाच्या नावानं हाका मारून चिमटे काढले. देकार्तनं उलट त्याला देहाच्या नावानं हाका मारल्या. थोडक्यात, दोघांची चांगलीच जुंपली.

या चिमट्यांच्या गर्दीत गासेंदीचा एक प्रश्न होता. मनाला लांबी-रुंदी नाही, ते जागा व्यापत नाही, असं तुम्ही म्हणता. मग ते शरीराला हलवतं कसं? ढकलायचं तर स्पर्श हवा, आणि स्पर्श करायचा तर अंग हवं. देकार्तनं हा प्रश्न झटकून टाकला. त्याला त्यात खोडसाळपणा दिसला.

मग १६४३ चा मे महिना उजाडला. बोहेमियाची राजकन्या एलिझाबेथ, वय २४, घराणं राज्य गमावून हॉलंडात आश्रयाला आलेलं. तिनं छापलेला ग्रंथ वाचून देकार्तला पत्र लिहिलं. मोठ्या अदबीनं विचारलं, की मन जर नुसता विचार करणारा पदार्थ आहे, तर ते शरीराला हालचाल करायला कसं लावतं? प्रश्न तोच! शब्द थोडे वेगळे, सूर वेगळा. आणि आता देकार्त म्हणाला, की माझं लेखन वाचून मला विचारावा असा हाच तर रास्त प्रश्न आहे. त्यानं उत्तर दिलं, तिचं समाधान झालं नाही, तिनं पुन्हा विचारलं. हा पत्रव्यवहार १६५० साली देकार्त वारला तोपर्यंत, जवळजवळ सात वर्षं चालला. मन आणि शरीर एकमेकांवर कसा परिणाम करतात, भावना कशा उपजतात, याचा विचार त्याला यातून करावा लागला आणि १६४९ साली भावनांवरचं त्याचं पुस्तक निघालं.

आता आपण विचार करू. प्रश्न तोच असताना एकदा तो हेटाळणी वाटली आणि एकदा रास्त वाटला. प्रश्नात काही बदललं होतं का? बदलला होता विचारणारा. ज्याच्याशी आपलं पटत नाही त्यानं विचारलं, तेव्हा देकार्तला माणूस ऐकू आला, प्रश्न ऐकू आला नाही. छापण्याआधी सगळ्या युरोपाकडून आक्षेप मागवणाऱ्या माणसाची ही गत, तर आपली काय कथा!

आमचीच कथा सांगतो, म्हणजे दुसऱ्याला नावं ठेवल्याचं पाप लागणार नाही.

नव्वदच्या दशकात आम्ही बी.ए.च्या विद्यार्थ्यांसाठी मराठीतून पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाचं पुस्तक लिहिलं. शैक्षणिक वर्ष सुरू व्हायच्या आत बाजारात यायला हवं, अशी प्रकाशकांची घाई. तरी आम्ही दाखवलं हं! आमच्या मार्गदर्शकांना दाखवलं. ते थकले होते, त्यांनी आशीर्वाद दिला. एका हुशार विद्यार्थ्याला दाखवलं. तो म्हणाला, "छान झालंय सर." तो दुसरं काय म्हणणार? घरी पत्नीनं दोन प्रकरणं वाचली. स्वयंपाकघरातून तिनं विचारलं, "अहो, हा लॉक अनुभव अनुभव म्हणतो, तो कुठला अनुभव?" आम्ही म्हटलं, "पुढे वाच, येतंय सगळं." ती तत्त्वज्ञानाची नव्हे, म्हणून आम्ही तो प्रश्न तिथेच सोडला.

आणि एकाला दाखवलं नाही. आमच्याच विभागातले एक सहकारी. फार बारकाईनं वाचणारा माणूस. पण विभागप्रमुखपदावरून आमच्यात वाजलं होतं. दोन वर्षं चहासुद्धा वेगळ्या टेबलांवर चालला होता. त्यांच्याकडे हस्तलिखित घेऊन जायचं म्हणजे आपण नमतं घेतलं, असं आम्हाला वाटलं.

पुस्तक आलं, लागलं, खपलं. वर्षभरानं परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासून ते सहकारी आमच्या टेबलाशी आले. आपणहून, दोन वर्षांनी. म्हणाले, "अरे, दहा-बारा पोरांनी लिहिलंय, की लॉक आणि आपले संत एकच सांगतात. ज्ञान अनुभवातून येतं, म्हणून देवाचा अनुभव हेच खरं ज्ञान. पोरांनी हे काढलं कुठून?" आम्ही पुस्तक उघडलं. लॉकच्या प्रकरणात आम्ही सगळीकडे नुसतं 'अनुभव' लिहिलं होतं. लॉकला अभिप्रेत असलेला अनुभव म्हणजे डोळ्यांनी पाहणं, कानांनी ऐकणं, त्वचेला गरम-गार कळणं आणि आपल्याच मनाचे व्यापार न्याहाळणं. मराठी मुलाच्या कानात मात्र 'अनुभव' या शब्दाबरोबर कीर्तन, वारी, संतांचं सांगणं, सगळं येतं. मुलं चुकली नव्हती. आम्ही लिहिलेलं त्यांनी बरोबर वाचलं होतं. एका ठिकाणी 'इंद्रियानुभव' लिहून दोन ओळींचा खुलासा केला असता तर भागलं असतं.

सहकारी म्हणाले, "मला दाखवायचं होतंस. भांडण आपलं होतं, पुस्तकाचं नव्हतं."

घरी येऊन हे सांगितलं, तर पत्नी एवढंच म्हणाली, "मी विचारलं होतं."

त्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली नाही. हजार प्रती कुठकुठल्या ग्रंथालयांत आहेत, आणि कुणीतरी त्या अजून वाचत असेल. शुद्धिपत्र लावून अक्षराची चूक सुधारता येते, विचाराची घसरण सुधारत नाही.

म्हणून त्या बाईंच्या प्रश्नाचं उत्तर आता नीट देऊ. हे काही शास्त्र नाही, ठेचा खाऊन शिकलेल्या गोष्टी आहेत.

पहिलं, कधी दाखवावं? अर्धवट असताना दाखवू नये. अर्धं वाचून लोक उरलेलं आपल्या मनानं पुरं करतात आणि आपण त्यांच्या मागे वाहवत जातो. पूर्ण लिहावं, महिनाभर कपाटात ठेवावं, पुन्हा एकदा स्वतः वाचावं. आता आपल्याला काहीच खटकत नाही असं वाटलं, की ती वेळ दाखवायची.

दुसरं, कुणाला? तिघांना तरी. एक, विषयाचा जाणकार. तो तपशिलाच्या चुका काढेल. दोन, ज्याला विषय माहीत नाही पण वाचायची सवय आहे असा. त्याला जे कळलं नाही, ते बहुतेक वेळा आपल्यालाच नीट कळलेलं नसतं. तीन, ज्याचं आपल्याशी पटत नाही असा. हा तिसरा शोधायला लागत नाही, तो आपल्याला चांगला ठाऊक असतो. त्याच्याकडे जायला फक्त पाय उचलत नाही. घरच्यांना दाखवायला हरकत नाही, पण ती माणसं आपल्याला दुखवायला कचरतात. त्यांनी सहज विचारलेल्या प्रश्नाकडे मात्र कान ठेवावा.

आठवणी लिहिणाऱ्यांसाठी एक चौथाही आहे. आपल्या लिखाणात ज्या माणसांचा उल्लेख येतो, त्यांना निदान त्यांच्यापुरती पानं दाखवावीत. आपली आठवण आणि त्यांची आठवण जुळेलच असं नाही. छापल्यावर तुटलेलं नातं पुन्हा जोडणं फार अवघड असतं. ते म्हणतील तसंच लिहावं असं नाही. पण लिहायचं ते कळून सवरून लिहावं.

तिसरं, काय विचारावं? 'कसं वाटलं?' असं विचारू नये. त्याला 'छान' हे एकच उत्तर आहे. विचारावं, की कुठे थांबलात? कुठे मागे जाऊन पुन्हा वाचावं लागलं? कुठे पानं उलटावीशी वाटली? आणि सगळ्यांत उपयोगी म्हणजे, हे प्रकरण काय सांगतं ते तुमच्या शब्दांत सांगा. आम्ही त्या विद्यार्थ्याला लॉकचं प्रकरण त्याच्या शब्दांत सांगायला लावलं असतं, तर संतांची गाठ तिथेच पडली असती. वाचायला देताना पानांवर क्रमांक घालावेत, समास मोठा सोडावा, पेन्सिल सोबत द्यावी. आणि मुदत सांगावी, नाहीतर बाड त्यांच्या कपाटात आणि आपण ताटकळत.

चौथं, कसं ऐकावं? गप्प बसून. हे सगळ्यांत अवघड. वाचक बोलायला लागला, की आपली जीभ वळवळते. 'तसं नाही, मला असं म्हणायचं होतं.' अहो, पुस्तकाबरोबर आपण प्रत्येक वाचकाच्या घरी जाणार आहोत का समजावायला? ते म्हणतील ते लिहून घ्यावं, आभार मानावेत आणि आठ दिवस त्यावर काही करू नये. पहिल्या दिवशी जो आक्षेप मूर्खपणाचा वाटतो, तो आठव्या दिवशी पुष्कळदा शहाणपणाचा वाटतो.

पाचवं, किती मानावं? वैद्याकडे जाणारा रोगी कुठे दुखतं ते बरोबर सांगतो. पण कुठलं औषध द्या असं तो सांगायला लागला, तर वैद्य तेवढं ऐकत नाही. वाचकाचं तसंच आहे. 'इथे अडखळलो' असं तो म्हणाला, तर ते खरंच मानावं, कारण तो अडखळला यात वाद काय घालणार? पण 'हे प्रकरण काढा', 'शेवट असा करा' ही त्याची औषधयोजना झाली. ती ऐकावी, पण उपचार आपला आपण ठरवावा. दोघं वेगवेगळे वाचक एकाच जागी अडखळले, तर तिथे खड्डा आहे असं समजून चालावं. देकार्तनं आर्नोचं सगळं मान्य केलं नाही. मुख्य सिद्धान्त ठेवला, खुलासे वाढवले. पुस्तकावर नाव आपलं असतं, तेव्हा शेवटचा शब्दही आपला आणि जबाबदारीही आपली.

सहावं, कधी थांबावं? नवा वाचक जुनेच मुद्दे सांगायला लागला, की थांबावं. सगळ्यांचं समाधान करून मग छापू म्हणाल, तर पुस्तक कधीच निघणार नाही. देकार्तच्या हातात हस्तलिखित पाठवल्यापासून छपाई होईपर्यंत साधारण नऊ महिने होते. सगळे आक्षेप मिटले म्हणून तो थांबला नव्हता. एलिझाबेथ तर अजून यायची होती! काही वाचक छापल्यावरच भेटतात. त्यांच्यासाठी दार उघडं ठेवावं, एवढंच आपल्या हातात.

एका श्रोत्याची चिठ्ठी आली आहे. "हस्तलिखित दुसऱ्याला दिलं आणि त्यानंच ते आपल्या नावावर छापलं तर?" रास्त भीती आहे. आपल्याकडे १९५७ चा स्वामित्वहक्काचा कायदा आहे. मजकूर लिहून झाला की हक्क लेखकाचा होतो, त्यासाठी नोंदणी करावीच लागते असं नाही. हा हक्क मजकुराचा, नुसत्या कल्पनेचा नव्हे, हे मात्र लक्षात ठेवावं. मूळ प्रत आपल्याजवळ ठेवावी, कुणाला कधी दिलं त्याची तारखेसह नोंद ठेवावी. ईमेलनं पाठवलं तर ती नोंद आपोआप राहते. पण खरं सांगायचं तर आमच्या पाहण्यात हस्तलिखित चोरीला गेलेल्या लेखकांपेक्षा हस्तलिखित कुणी वाचलंच नाही म्हणून नुकसान झालेले लेखक जास्त आहेत.

आता शेवटचं. ते सहकारी पुढे आमचं सगळं लिखाण वाचत. तीस-पस्तीस पानांचा लेख असला, तरी पेन्सिलनं समास भरून परत करीत. एकदा पानभर मजकुराशेजारी एवढंच लिहिलं होतं, 'हे तुला पटलंय का?' आम्हाला पटलेलं नव्हतं. पान काढलं. चार वर्षांपूर्वी ते गेले. त्यानंतर आम्ही एक पुस्तक लिहून पुरं केलं आणि ते दोन वर्षं टेबलाच्या खणात पडून होतं. दाखवायचं कुणाला, हा प्रश्न आम्हालाही सुटत नव्हता. त्या बाईंनी वही पुढे केली, तेव्हा आमचं उत्तर अपुरं पडलं ते यामुळेच.

आमचा एक जुना विद्यार्थी आहे. आता तो स्वतः शिकवतो. आमच्या जवळजवळ प्रत्येक मताच्या विरुद्ध त्यानं कुठे ना कुठे लिहिलेलं आहे. गेल्या सोमवारी आम्ही बाड घेऊन त्याच्याकडे गेलो. तो जरा गोंधळला. "सर, मी? मला तुमचं म्हणणं पटत नाही, माहितीये ना तुम्हाला?" आम्ही म्हटलं, "माहीत आहे म्हणून तर आलोय." पेन्सिल सोबत दिली आहे. महिन्याची मुदत दिली आहे. तो काय म्हणेल याची धाकधूक आहे, पंचाहत्तरीतही आहे.

बाई, तुम्ही आज आला आहात असं दिसतंय. तुमच्या वहीतल्या ज्या मुख्याध्यापकांशी तुमचं पटलं नाही असं तुम्ही सांगत होतात, ते हयात असतील, तर त्यांच्याबद्दलची पानं त्यांना जरूर दाखवा. ते काय म्हणाले, ते आम्हाला पुढच्या व्याख्यानाला सांगा.

इथे थांबतो.